न्यूझीलंडची शाळा स्वमग्न मुलाला घेईल का?



मागच्या गणेशचतुर्थीला वाक्वा येथील एका परिचित घरी आम्ही दर्शनाला गेलो होतो. आरती झाली, विसर्जनाची मंडळी अंगणात जमली, ढोलकीवर थाप पडली आणि झाकरीने ताल धरला. त्याबरोबर सहा वर्षांचा एक मुलगा दोन्ही कान घट्ट दाबून घराच्या मागच्या बाजूला पळाला. त्याच्या पाठोपाठ त्याची आजी गेली. पाहुण्यांपैकी कोणी म्हणाले, "लाडावलेला आहे." कोणी हळूच म्हणाले, "दृष्ट काढली का?" आजींनी दोन्ही ऐकले आणि काही उत्तर दिले नाही. ही बोलणी त्यांना नवी नव्हती.

मुलगा अजून बोलत नाही. आईच्या डब्यातली बटणे काढून तो त्यांच्या लांबच लांब रांगा लावतो आणि एखादे बटण कोणी हलवले की रडून आकांत करतो. डॉक्टरांनी सांगितले आहे की तो ऑटिस्टिक आहे. मराठीत आपण स्वमग्न म्हणतो.

मंडळी नदीकडे निघाल्यावर आजी आमच्याजवळ येऊन बसल्या. "गुरुजी, मुलाला ऑकलंडला नोकरी मिळते आहे. सगळेच जाऊ म्हणतो. तिथली शाळा माझ्या नातवाला घेईल का?"

आम्ही त्या दिवशी अर्धवट उत्तर दिले. घरी आल्यावर ते अर्धवटपण मनाला लागले. म्हणून ह्या विषयावर जे वाचले, विचारले आणि जे पक्के वाटले, ते आज ह्या पानावर देत आहोत. ह्या आजींचा प्रश्न आपल्या बेटावरच्या आणखीही काही घरांत विचारला जात असणार, फक्त मोठ्याने विचारला जात नसावा.

प्रथम रोगाच्या कल्पनेविषयी दोन शब्द. लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर ह्यांनी बऱ्याच अंशी तशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतर पुष्कळ वर्षे आईच्या कोरडेपणावर खापर फोडले गेले आणि असंख्य बिचाऱ्या आया विनाकारण कुढत राहिल्या. ती उपपत्ती खोटी होती. लसीमुळे हे होते ही समजूतही खोटी ठरली आहे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. एखादा मुलगा मुळीच बोलत नाही, एखादा चार भाषा बोलतो पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग त्याला वाचता येत नाही. दोघेही स्वमग्नच. म्हणून अशा सर्व मुलांना एकच शाळा चालेल असे म्हणणे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देण्यासारखे आहे.

नावाचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या भाषेत ह्या अवस्थेला शब्द नव्हता. केरी ओपाई ह्या भाषातज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शब्दसंग्रहात तो घडवून दिला: ताकिवातांगा. "आपल्या स्वतःच्या काळात आणि अवकाशात" असा त्याचा भावार्थ. आपला "स्वमग्न" शब्द वाईट नाही, पण तो मुलाला आत कोंडून दार लावतो. माओरी शब्द म्हणतो की मुलगा त्याच्या वेळेने चालला आहे, तुम्ही जरा थांबा. तिकडच्या शिक्षकांच्या तोंडी हा शब्द आता रुळत आहे.

ही झाली भाषेची गोष्ट. कायदा इतका कनवाळू नेहमीच नव्हता.

कोंडवाड्यापासून वर्गापर्यंत

न्यूझीलंडने १८७७ सालीच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. फार अभिमानाची गोष्ट. बहिऱ्या मुलांसाठी क्राइस्टचर्चजवळ समनर येथे १८८० साली सरकारी शाळा निघाली. १९०८ साली ओटेकाइके येथे मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी निवासी शाळा झाली, आणि १९१६ साली नेल्सनजवळ मुलींसाठी सॅलिसबरी शाळा. पण ज्यांना "शिकवून उपयोग नाही" असे ठरवले जाई, त्यांची वाट वेगळी होती. १९२९ साली टेम्पलटन आणि १९४५ साली लेव्हिन येथे त्यांच्यासाठी मोठ्या वसाहती निघाल्या. नाव "फार्म", पण मुलाला तिथे सोडून आई परत जाई आणि पुष्कळदा मुलगा त्या आवारातच म्हातारा होई.

१९५३ साली एका सरकारी समितीने अशा वसाहती आणखी वाढवाव्यात आणि मुले पाच वर्षांची होताच तिथे द्यावीत अशा आशयाची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष विद्यापीठाचे कुलगुरू होते. शहाणी माणसे शहाणपणाने केवढी चूक करू शकतात, हे पाहायचे असेल तर तो अहवाल पाहावा.

त्याच्या आधीच, १९४९ साली, वेलिंग्टनमध्ये हॅल आणि मार्गारेट ॲन्यन ह्या जोडप्याने आपल्यासारख्या पालकांना एकत्र करून संघटना काढली होती. त्यांचे मागणे अगदी साधे होते: मूल घरी वाढावे आणि जवळच्या शाळेत जावे. तीच संघटना पुढे "आयएचसी" ह्या नावाने देशभर पसरली. स्वमग्न मुलांच्या पालकांनी आपली वेगळी संघटना १९६९ साली उभी केली, ती आज "ऑटिझम न्यूझीलंड" म्हणून ओळखली जाते. सरकारने जे केले ते बहुधा ह्या पालकांनी मागे लागून करवून घेतले, असे इतिहास वाचताना पुनःपुन्हा दिसते.

लेव्हिनची ती वसाहत, जिचे नाव पुढे किंबर्ली सेंटर झाले, २००६ साली बंद झाली. तिच्यात आणि तिच्यासारख्या इतर ठिकाणी मुलांना काय सोसावे लागले, ते एका शाही चौकशी आयोगाने २०२४च्या जुलैत सविस्तर मांडले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली. उशीर झाला, पण मागितली.

शाळेच्या दृष्टीने खरी कलाटणी मात्र १९८९च्या शिक्षण कायद्याने मिळाली. त्याचे आठवे कलम पुढील वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून लागू झाले. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या व्यक्तीला सरकारी शाळेत नाव घालण्याचा आणि शिक्षण घेण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असे ते कलम सांगते. तोवर शाळेने "आमच्याने होणार नाही" म्हटले की विषय संपत असे. त्या दिवसापासून तो संपेनासा झाला. १९८९चा कायदा जाऊन आता २०२०चा शिक्षण व प्रशिक्षण कायदा आला आहे. त्यात हा हक्क कायम आहे, आणि शाळा जितका वेळ उघडी असते तितका सगळा वेळ शाळेत राहण्याचा हक्कही स्पष्ट लिहिला आहे. हे वाक्य घालावे का लागले, ते पुढे येईलच.

शाळा असते कशी?

न्यूझीलंडमधल्या मुलाचा शाळेचा पहिला दिवस म्हणजे बहुधा त्याचा पाचवा वाढदिवस किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सक्ती सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, पण रीत पाचव्याची. आपल्याकडे सगळी मुले जानेवारीत एकदम रडतात, तिथे वर्षभर एकेक करून रडतात.

स्वमग्न मुलाच्या आईबापांपुढे साधारण तीन वाटा असतात. एक, घराजवळची साधी शाळा, साध्या वर्गात. दुसरी, विशेष शाळा. तिसरी वाट आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटली: विशेष शाळेचाच एक वर्ग साध्या शाळेच्या आवारात भरतो. त्याला तिकडे सॅटेलाइट वर्ग म्हणतात. वर्ग लहान, शिक्षिका विशेष शाळेची, पण मधल्या सुट्टीचे मैदान सगळ्यांचे एकच. ज्या मुलाला गणित जमते तो गणिताच्या तासाला शेजारच्या मोठ्या वर्गात जाऊन बसू शकतो आणि गोंगाट असह्य झाला की परत येऊ शकतो.

विशेष शाळा सबंध देशात चाळीसच्या आतच आहेत. एकट्या ऑकलंडमध्ये त्यांतल्या बऱ्याच आहेत: पॅनम्यूरची सॉमरव्हिल, न्यू लिनची ओकलिन, ते आतातूची आरोहानुई, पापाकुराची रोझहिल, नॉर्थ शोअरची वाइराऊ व्हॅली, ओताहुहूची माउंट रिचमंड. दक्षिणेकडे डनीडिनला सारा कोहेन शाळा आणि अगदी टोकाला इन्व्हरकार्गिलला रुरू शाळा आहे. ह्या सरकारी शाळा आहेत. गावखेड्यात राहणाऱ्याला मात्र जवळपास अशी शाळा मिळेलच असे नाही. नोकरी कुठल्या गावी मिळते ह्यावर मुलाचे शिक्षण ठरते, ही गोष्ट आजींच्या मुलाने आधीच ध्यानात घ्यावी.

ह्या वर्गांत भिंतीवर चित्रांची रांग लावलेली असते: दप्तर, गोष्ट, फळ, झोपाळा, गाडी, घर. दिवस कसा जाणार हे मुलाला पाहून कळते. एक काम झाले की ते चित्र काढून पाकिटात टाकायचे. न बोलणारे मूल पाण्याचे चित्र बाईंच्या हातात देते आणि पाणी मागते. अलीकडे पडद्यावर चित्र दाबले की यंत्र त्याच्या वतीने बोलते. खोलीच्या एका कोपऱ्यात जाड गोधड्या आणि मंद दिवा असतो. ढोलकीने घाबरलेल्या मुलाला असा कोपरा म्हणजे काय, ते आजींना सांगायला नको.

मोठ्या मुलांचे शिक्षण ह्याहून निराळे असते. बस कशी पकडायची, दुकानात पैसे मोजून कसे द्यायचे, अंडे कसे उकडायचे, दाढी कशी करायची. ज्यांना सरकारची मोठी मदत मंजूर आहे, ते एकविसाव्या वर्षाच्या अखेरपर्यंत शाळेत राहू शकतात. इतर मुले एकोणिसाव्याच्या सुमाराला बाहेर पडतात. ही दोन-तीन वर्षे किती मोलाची, हे मतिमंद तरुणाला घरी बसलेला पाहणाऱ्या आईला विचारावे. एकवीस झाल्यावर पुढे काय, ह्या प्रश्नाला मात्र तिथेही फारसे बरे उत्तर नाही. दिवसा जाण्याची काही केंद्रे आहेत, थोड्यांना नोकऱ्या मिळतात, पुष्कळ जण घरीच राहतात.

वर्षातून एकदोनदा एक बैठक होते. शिक्षिका, वाचाउपचार करणारी, शाळेचे मुख्य आणि आईबाप एका टेबलाभोवती बसतात आणि ह्या एका मुलाने येत्या सहा महिन्यांत काय शिकावे, ते लिहून काढतात. आपल्याकडच्या कित्येक बाप-आयांना अशा बैठकीत बोलायचा संकोच वाटतो. शाळेने सांगावे आणि आपण मान डोलवावी, अशी आपली सवय. तिथे आईने बोलणे अपेक्षित असते. बोलली नाही तर तिला काही सांगायचे नाही असे धरतात.

भाषेविषयीही इथेच सांगून टाकतो. मूल आधीच बोलत नाही, त्यात क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी आणि मराठी कशाला, घरात एकच भाषा ठेवा, असा सल्ला पूर्वी डॉक्टर देत आणि अजून कोणी कोणी देतात. गेल्या काही दशकांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान झाल्याचे आढळलेले नाही. आजी ज्या भाषेत अंगाई म्हणते ती भाषा बंद केली, तर मुलाला इंग्रजी येतेच असे नाही, आजी मात्र मुकी होते.

मदतीची यादी

आता ज्या योजनेवर सगळे अवलंबून आहे तिच्याकडे येऊ. तिचे नाव ऑनगोइंग रिसोर्सिंग स्कीम, बोलताना ओआरएस. १९९०च्या दशकात सरकारने विशेष शिक्षणाची घडी नव्याने बसवली, त्यात १९९८पासून ही योजना सुरू झाली. सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलांसाठी ती आहे, म्हणजे शंभर विद्यार्थ्यांत सुमारे एकासाठी. एकदा ती मिळाली की सहसा शिक्षण संपेपर्यंत मुलाबरोबर राहते, मग मूल साध्या शाळेत असो की विशेष. तिच्यातून जादा शिक्षकाचा वेळ, उपचारतज्ज्ञ आणि मदतनीस मिळतात. विशेष शाळेत नाव घालायचे तर बहुधा आधी हीच मंजूर व्हावी लागते.

अर्ज शाळा करते किंवा लहानपणी मदत करणारे सरकारी पथक करते. तपासणारे अधिकारी मुलाला पाहत नाहीत, कागद पाहतात. त्यामुळे अर्जात मुलाला काय येते ते लिहून चालत नाही, काय येत नाही तेच लिहावे लागते. वर्षभर ज्या आईने "आज त्याने माझा हात धरून दार दाखवले" म्हणून देवापुढे दिवा लावला, तिला कागदावर लिहावे लागते की हा बोलत नाही, कपडे घालत नाही, धोका ओळखत नाही. अर्ज नाकारला गेला तर दाद मागता येते, शेवटी लवादापर्यंत जाता येते. ज्यांना ही मदत मिळत नाही अशा स्वमग्न मुलांची संख्या मिळणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्यांच्यासाठी फिरते शिक्षक आहेत, २०२० पासून काही शाळांत समन्वयक नेमले गेले, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात त्यांची नेमणूक सर्व प्राथमिक शाळांपर्यंत नेण्याचे जाहीर झाले. हे सगळे प्रत्यक्षात किती उतरते ते येत्या वर्षांत दिसेल.

ह्या साऱ्या व्यवस्थेचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या वर्गातल्या मदतनीस बायका. मुलाच्या शेजारी बसणाऱ्या, त्याचा बूट बांधणाऱ्या, तो पळाला की मागे धावणाऱ्या. बहुतेक स्त्रियाच. कित्येक वर्षे त्यांना फार थोडा पगार मिळे. पुरुष ज्या जोखमीची कामे करतात, त्यांच्याशी तुलना करून २०२० साली त्यांचे वेतन वाढवण्याचा समझोता झाला. आमच्या मते त्या देशाच्या विशेष शिक्षणातली ही एक मोठी सुधारणा आहे, जरी तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते.

विशेष शाळा असाव्यात की नसाव्यात, ह्यावर तिकडे जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, वेगळी शाळा म्हणजे वेगळे आयुष्य, त्या बंद करा. दुसरी बाजू म्हणते, माझ्या मुलाला तीस मुलांच्या गलक्यात बसवून तुम्ही समानता कुणाला दाखवता? नव्या व्यवस्थेत साध्या शाळांतले काही खास वर्ग बंद केले तेव्हा पालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००२ साली त्यांचे बरेचसे म्हणणे मान्य केले. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने त्या निकालाची व्याप्ती पुष्कळ कमी केली. २०१२ साली वर उल्लेखिलेली सॅलिसबरी मुलींची शाळा बंद करून मुलींना मुलांच्या निवासी शाळेत पाठवण्याचे मंत्र्यांनी ठरवले. त्या मुलींच्या सुरक्षिततेचा विचार नीट झाला नाही, म्हणून डिसेंबरात न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. आम्हांला वाटते की हा वाद तत्त्वाने सुटणार नाही. एका मुलाला जे तुरुंग वाटते ते दुसऱ्याला घर वाटते, आणि ते कोणते, हे त्याच्या आईला मंत्र्यापेक्षा लवकर कळते.

कायदा आहे म्हणून दार आपोआप उघडते असेही नाही. शाळांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयानेच २०२२ साली अपंग मुलांच्या शिक्षणावर अहवाल दिला. पाचापैकी सुमारे एका पालकाला शाळेत नाव घालण्यापासून परावृत्त केले गेले होते. सरळ "नाही" कोणी म्हणत नाही, ते बेकायदा आहे. "पलीकडच्या शाळेत त्यांची सोय जास्त चांगली आहे" असे गोड बोलून सांगतात. मुलाला आज घरीच ठेवा, मदतनीस बाई आलेली नाही, असेही सांगतात. पूर्ण वेळ शाळेत राहण्याचा हक्क कायद्यात वेगळा लिहावा लागला तो ह्यामुळे. हा हक्क माहीत असलेल्या आईला ते इतक्या सहज सांगत नाहीत. म्हणून तो इथे दिला.

सीमेवरचा दुसरा दरवाजा

आतापर्यंत वाचून आजींच्या मुलाला हुरूप आला असेल. आता जे सांगायचे आहे ते कटू आहे, आणि विमानाची तिकिटे काढण्याआधीच सांगितले पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये बाहेरून येऊन राहू इच्छिणाऱ्या कुटुंबातील प्रत्येकाची आरोग्य-तपासणी होते. "स्वीकारार्ह आरोग्य" नसेल तर परवाना अडतो. अडण्याचे एक कारण पैशाचे आहे: त्या व्यक्तीवर सरकारचा वैद्यकीय खर्च ठरावीक रकमेपेक्षा जास्त होईल असे दिसले तर. ही रक्कम बरीच वर्षे ४१ हजार डॉलर होती, सप्टेंबर २०२२ मध्ये ती ८१ हजार करण्यात आली. पण स्वमग्न मुलांच्या बाबतीत अडचण बहुधा निराळ्या कलमाने येते. ज्या मुलाची गरज इतकी आहे की त्याला ओआरएस मदत मिळण्याचा हक्क पोहोचेल, ते मूल देशाच्या विशेष शिक्षणसेवेवर मोठा भार टाकणारे समजले जाते आणि आरोग्याची अट पुरी करत नाही.

जरा थांबून ह्याचा अर्थ पाहा. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या मुलाचा अर्ज त्या कसोटीला उतरला तर त्याला शिक्षक, उपचार आणि मदतनीस मिळतात. वाक्वात जन्मलेल्या मुलाची तीच अडचण त्याच कसोटीला उतरली, तर त्याला आणि त्याच्या आईबापांना देशाबाहेर राहावे लागू शकते. ह्या नियमामुळे मुलाला मागे ठेवून वर्षानुवर्षे ताटातूट सोसणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या कहाण्या न्यूझीलंडच्याच वर्तमानपत्रांत छापून आल्या आहेत. नियम बदलावा म्हणून तिथल्या अपंग संघटना आणि स्थलांतरित पालक मागणी करीत आहेत. काहींना विशेष सवलत मिळते, पण सगळ्यांना ती मागण्याचीही मुभा नसते, आणि ज्यांना मुभा असते त्यांनाही ती मिळेलच असे नाही.

आम्हांला हा नियम अन्यायाचा वाटतो. पैशाचा हिशेब देशाने करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण जो देश आपल्याच संसदेत उभा राहून जुन्या वसाहतींबद्दल क्षमा मागतो, त्याने सहा वर्षांच्या मुलाचा खर्च मोजून त्याला दारातून परत पाठवावे, हे दोन्ही एकत्र शोभत नाही.

तेव्हा आजींच्या मुलाला आमचे सांगणे असे. कंपनी नोकरी देते म्हणून मुलाला परवाना मिळेल असे समजू नये. आपण आधी जाऊन बायको-मुलाला मागाहून नेऊ, हा बेत तर विशेष धोक्याचा, कारण अडथळा नेमका त्या मागाहूनच्या टप्प्यावर येतो. मुलाचे निदान लपवून अर्ज करण्याचा सल्ला देणारे दलाल भेटतील. त्यांचे ऐकू नये. खोटी माहिती उघडकीस आली तर परवाना जातोच, शिवाय पुढचे सगळे अर्ज डागाळतात. न्यूझीलंडमध्ये परवाना मिळालेल्या सल्लागारांची सरकारी यादी आहे, त्यांतल्या कोणाला तरी मुलाचे सगळे कागद आधी दाखवावेत, आणि नियम मधूनमधून बदलतात म्हणून त्या दिवशीचा नियम विचारावा.

आणि उत्तर "नाही" असे आले तर? तर मूल इथेच वाढेल. आपल्या बेटावरही २०१८ साली विशेष शैक्षणिक गरजांसाठी प्राधिकरण स्थापन करणारा कायदा झाला आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांनी उभी केलेली ऑटिझम मॉरिस ही संस्था काम करते आहे. जागा थोड्या आहेत, प्रशिक्षित शिक्षक त्याहून थोडे. पण न्यूझीलंडचा इतिहास पाहिला तर तिथेही सुरुवातीला एका घरातले दोन जण आणि शेजारची आठ-दहा कुटुंबे एवढेच होते. आपल्या मंडळींच्या सभागृहांत गणेशोत्सवाच्या सभा भरतात, मराठीचे वर्ग भरतात. महिन्यातून एका रविवारी, ढोलकीशिवाय, ह्या मुलांसाठी तिथे दोन तास ठेवायला काय हरकत आहे?

हे सगळे आम्ही गेल्या रविवारी पुन्हा त्या घरी जाऊन आजींना सांगितले. मुलगाही बसून ऐकत होता. त्याने सल्लागाराचे नाव कसे शोधायचे ते लिहून घेतले. नातू पायरीवर बसून बटणांची रांग लावत होता. ह्या खेपेला ती उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत गेली होती आणि घरातली सगळी माणसे तिला ओलांडून, पाय जपून टाकत ये-जा करीत होती.

आजींनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "आणि गुरुजी, तिथे शाळेत जेवण कोण देते?"

आम्ही म्हणालो, बहुतेक मुले घरून डबा नेतात. बहुधा सँडविच.

"ह्याला पाव चालत नाही. पांढरा भात लागतो, आणि गरम." त्या मुलाकडे वळल्या. "त्या बाईला हे पण विचार. डबा गरम करून देतात का."

त्याने कागदावर सर्वांत खाली तेही लिहून घेतले.